मिस्त्रींचा हात

इस्लामपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या.

"मेहरुनबी, तुमच्या मिस्त्रींना कितपत दिसतंय?"

"परवा म्हशीला बैल म्हणाले. आन ह्या वयात भंगारातनं ट्रकचं इंजिन उचलून आणलंय. ब्लॉकची भोकं बोरिंग करून मोठी केली, मोठे पिस्टन घातले, जादा जोराला वर टर्बो. आता ते जीपमधी बसवून रविवारी माळावर शर्यतीला पळवायचंय."

"न दिसता कसं केलं वं?"

"पिस्टनचं हात फिरवून कळतंय. झडपा उघडणाऱ्या टॅपेटचं कसं कळंल? तिथं ब्लेडच्या पात्याएवढी फट ठेवायची असत्या, मापाची पातळ पट्टी घालून. ह्यांना पट्टीवरला आकडाच दिसत न्हाई. इंजिन नुसतं खडखडायचं."

"मग?"

"दुपारी घोरायला लागले की मी जाते आन सगळे टॅपेट परत लावते. चाळीस वरसं ह्यांच्या हातात पाने देत आले, एवढं कळतंय मला."

"त्यांना ठावं हाय?"

"कुठलं वं. उठले की इंजिन चालू करत्यात, कान लावत्यात आन गावभर सांगत फिरत्यात, डोळं गेलं पर हात गेला न्हाई."

तपासणीच्या खोलीचं दार उघडलं आणि मिस्त्री भिंत चाचपत बाहेर आले.

"मेहरुन, उद्याच ऑपरेशन. डॉक्टर म्हणतोय, परवापासनं मुंगीचा पाय बी दिसंल."

"लय ब्येस झालं. बसा जरा."

मग शेजारणीला, हळूच:

"बाई, नखातलं ग्रीस कशानं निघतंय वं?"