नव्याच्या पोटातला जुना कॉम्प्युटर

…अन् मी म्हनतो, कॉपी केलेली गोष्ट पेस्ट काऊन नाई व्हावी? आं? साऱ्या दुनियेत होते! मोबाईलवर होते, बानोच्या झेरॉक्सच्या दुकानात होते, पोट्टे तं परीक्षेत बिनाकॉम्प्युटरचे करतेत… अन् एका अन्नपूर्णाबाईच्याच घरी होत नाई! सहाशे बेचाळीस आकडे, भाऊ, सहाशे बेचाळीस! एक एक बटन बोटानं दाबाचं, अन् बोटं कशी, तं संधिवातानं अद्रकाच्या गाठीसारखी सुजलेली! आता याले काय म्हनावं? पन थांबा, मी नावं नाई ठेवत, आपल्यावर उपकारच हायेत.

तुमाले पयल्यापासून सांगतो, नाईतं तुमी म्हनसान हा मानूस कुठून कुठं चालला. मोतीराम सर, म्हंजे अन्नपूर्णाबाईचे मालक, शेतकी शाळेत मास्तर होते. बीटी, म्हंजे अळी न लागनारं कापसाचं बियानं, याच्या पयले बोंडअळीनं आमाले पार नागवलं होतं, तवा सरानं घरच्या कॉम्प्युटरवर सोताच्या डोक्यानं एक प्रोग्राम बनवला. वावरात कामगंध सापळे लावाचे… हासू नोका, तसंच नाव हाये त्याचं! आत मादीच्या वासाची गोळी, नर पतंग त्या वासानं येतेत अन् अडकतेत, बस. ते पतंग सकाळी मोजाचे, आकडा सराले द्याचा, बाईनं तो कॉम्प्युटरमध्ये टाकाचा, अन् प्रोग्राम हवा, दव, पेरनीची तारीख सारं पाहून सांगे, का बाप्पा या गावानं दोन दिसात फवारा, अन् त्या गावानं पंपाले हात लावू नोका, उगी जहर उडवू नोका.

मंग बीटी आली. जो तो म्हने, 'सर, आता अळीचं तेरावं घाला, जेवाले आमी येतो!' सरानं कॉम्प्युटरवर चादर टाकली. दहा-बारा वर्सं बरी गेली अन् एका साली बोंड फोडून पाह्यलं तं आत गुलाबी अळी, अशी मजेत पडून राह्यली, जशी काई बाळंतपनाले माहेरी आली! सारे परत सराच्या दारात, माना खाली. सरानं चादर काढली, दोन सालं आमचा कापूस वाचवला, अन् गेले. तीन महिन्यानं मागोमाग कॉम्प्युटरबी गेला.

आता आली का पंचाईत! प्रोग्राम आतून हिशोब कसा करते ते एकट्या सराले मालूम. बस स्टँडजवळ फकीर मोहम्मद टेलरची पोरगी बानो झेरॉक्सचं दुकान चालवते, तिनं जुन्या डबड्यातून कसातरी तो प्रोग्राम काढला अन् म्हने, 'काकू, रोऊ नका. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना बसवतो. इम्युलेटर म्हनतेत त्याले. नवा सोंग करते, का मी तीस साल पयलेचाच हाये.' अन् खरंच! काळा पडदा, हिरवी अक्षरं, सराचा प्रोग्राम तसाच्या तसा उठून बसला! अन् त्याची खोडबी तशीच. एक आकडा टाकला का विंग्रजी अक्षरात इचारे, 'NAKKI KA?' मंग एच दाबाचं, एच म्हंजे हो, तवा पुढचा आकडा. सर जित्ते होते तवाबी असेच. त्याईले म्हना, सर, तुरीले फूल आलं… 'नक्की का?' अहो, माह्या लग्नाची पत्रिका हातात देली, तारीख छापलेली, तरी म्हनले, 'नक्की का?' पन नावं नाई ठेवत, उपकारच हायेत.

तं आता गोष्ट समजून घ्या. अळी एकदा बोंडात शिरली का वरून अमृत फवारा, तिचं काई वाकडं होत नाई. म्हनून रविवारी आकडे आले का सोमवारी दुपारच्या आत कोन्या गावानं फवारावं त्याचा कागद बस स्टँडवर लागलाच पायजे. अकरा गावं, दोनशे चौदा सापळे, तीन-तीन दिसाचे आकडे. अन् टाकनार कोन? अन्नपूर्णाबाई, त्या गाठीच्या बोटाईनं! मांगच्या महिन्यात कागद बुधवारी लागला. तीन गावाईत अळी आत गेली. बाईले कोनी शब्दानं बोललं नाई, माह्या देखत तं नाईच, पन बाई दोन दिवस जेवल्या नाईत. बोटं चोळत बसत अन् म्हनत, 'सरानं इतकं उभं केलं, अन् माह्या बोटाईनं बुडवलं.' सांगा, काय बोलाचं अशा बाईले?

बानोले ते पाहावलं नाई. रविवारी सकाळी दुकानाले कुलूप लावून आली. आकडे सारे मोबाईलवरून नव्या कॉम्प्युटरवर आलेलेच होते, ओळीनं मांडलेले. तिनं केलं कॉपी, गेली जुन्याच्या खिडकीत, केलं पेस्ट… काईच नाई! परत केलं… नाई! जुन्या कॉम्प्युटरले पेस्ट मालूमच नाई, त्याच्या जमान्यात ते निघालंच नोतं! बाई म्हनल्या, 'असू दे बानो, मी दाबतो एक एक.' बानो म्हने, 'काकू, तुमी हात पदरात घ्या. मी स्क्रिप्ट लिहितो.' स्क्रिप्ट म्हंजे काय, तं कॉपी केलेला कागद हातात घेऊन एक न दिसनारा मानूस आपल्या बदली बटनं दाबते. आकडा दाबते, एन्टर दाबते, 'नक्की का' आलं का एच दाबते, परत एन्टर दाबते. वा रे वा! मले तं इतकं बरं वाटलं का मी तिथंच चहा मांगला.

अन् सुरू केलं तं कसं? धाड धाड धाड धाड! पडदा नुसता थरथरला, टूं टूं टूं बोंबलाले लागला, अन् मधातच मोठ्या अक्षरात, 'SAVKASH!' अर्धी बटनं घेतली, अर्धी गिळली. आमच्या गावच्या जानरावच्या वावरात पयल्या दिवशी सात पतंग, दुसऱ्या दिवशी बारा, मधातलं एन्टर अन् एच गेलं पोटात अन् आकडा झाला सातशे बारा! जानराव तिथंच उभा, तो उसळला, 'सातशे बारा? काऊन बे, माह्या वावरात पतंगाची जत्रा भरली काय? पाळने लागले काय?' खाली प्रोग्राम छापते, अकराच्या अकरा गावाईनं उद्या फवारा! विचार करा, तो कागद लागला असता तं अख्खा तालुका पंप घेऊन धावला असता बिनाकामाचा!

बानोनं वेग कमी केला अन् म्हने, 'काकू, आता बसून पाहा, कशाले हात लावू नका. जी खिडकी समोर असन, तिच्यातच हा बटनं दाबते. ह्याले डोळे नाईत.' बाई बसल्या. बानो अंगनात पानी प्याले गेली. अन् तेवढ्यात त्याच नव्या कॉम्प्युटरवर आला का मेसेज! चिखलीहून, नणंदेचा, केसरबाईचा. गुलाबाचं फूल, शुभ सकाळ वहिनी, तब्येत बरी हाये ना? आता तुमीच सांगा, नणंदेचं फूल आल्यावर उत्तर न देऊन चालते? आमच्याकडं दुपारपर्यंत उलटं फूल नाई गेलं तं दिवाळीपर्यंत अबोला! बाईनं हळूच केलं क्लिक…

झालं! तो आंधळा मानूस केसरबाईच्या घरात शिरला! 14. H. 3. H. 0. H. 22. H. प्रत्येक एन्टरले एक मेसेज, टुंग टुंग टुंग, बानोनं येऊन बंद करेपर्यंत शंभराच्या वर गेले, अन् त्या घाईत केसरबाईले कळवाचं राह्यलंच! तिकडं केसरबाईनं इचारली तब्येत, अन् इकडून आकडे! तिले वाटलं वहिनीले झटका आला, एका बोटानं शुगर सांगून राह्यली. फोन केले सतरा, पन बाईचा मोबाईल मधल्या खोलीत चार्जिंगले, आवाज बंद. तीन घंट्यानं जीप दारात! केसरबाई रडत उतरली, हातात डॉक्टरची फाईल, 'वहिनीऽऽ' म्हनून ओसरीवर आली, तं वहिनी भाकर अन् ठेचा खाऊन राह्यली!

'अवो, हे काय? जित्ती हायेस तं एच एच काऊन करत होतीस?'

'बसा ना ताई. भाकर वाढू?'

'भाकर वाढते म्हने! माह्या दोन गोळ्या गेल्या पोटात बीपीच्या!'

पन तुमाले सांगतो, बाईची बोटं पाह्यली अन् केसरबाईनं फाईल ठेवली बाजूले, तिळाचं तेल कोमट केलं अन् वहिनीचा हात मांडीवर घेऊन चोळाले बसली. मी नावं नाई ठेवत त्याबी बाईले.

इकडं बानोचं चालूच. वेग निम्मा केला, 'SAVKASH!' पाव केला, 'SAVKASH!' दुपारचे तीन वाजले. कागदाले एक रात्र उरली. बानोचा चेहरा उतरला, अन् जानराव एका कोपऱ्यात नुसता डोकं खाजवून राह्यला. मंग ती म्हने, 'काकू, एक बार तुमी टाकून दाखवा. तुमच्या हातानं कसं घेते हा?' बाईनं तेलकट बोट पदराले पुसलं, अन् टक… मधात एक श्वास… टक… प्रोग्राम गुपचूप! टूं नाई, टां नाई! बानोनं मोबाईलवर वेळ लावला, दोन बटनाईच्या मधात सेकंदाच्या वर थोडं. स्क्रिप्टमध्ये तेवढंच टाकलं, अन् पाह्यते तं काय, एक बटन नाई चुकलं!

पन पोरगी हुशार, तिले चैन कुठं? सेकंदच काऊन? तिनं सराचा प्रोग्राम आतून उघडला, ओळी वाचत गेली, अन् एका ओळीवर थांबली. मंग मोठ्यानं वाचलं. विंग्रजी अक्षरात, पन मराठी सराची, 'अन्नपूर्णाचे बोट जड आहे. एकाचे तीन होतात. एक सेकंदाच्या आत दुसरे बटन आले तर घेऊ नये. तिला सांगू नये, वाईट वाटेल.'

तुमाले सांगतो, बाई पयल्यापासूनच बटन असं दाबत, जशी पाट्यावर मिरची वाटते, एक दाबलं का पडद्यावर एकशे अकरा! अन् त्याईले तीस वर्सं वाटे, कॉम्प्युटरच सुधरला. केसरबाई म्हने, 'हे माह्या दादानं लिहिलं? जल्मात त्यानं मले एक पोस्टकार्ड नाई टाकलं!' अन् डोळ्याले पदर.

बानो हळूच म्हने, 'काकू, ही ओळ काढू काय? घंट्याचं काम पाच मिनिटात होईन.'

बाई म्हनल्या, 'राहू दे बाई. सराले घाई आवडे नाई.' मंग बानोच्या डोक्यावरून हात फिरवला, 'तुह्यासारखी पोर लाखात एक. माह्या हातून गेलेलं तू परत आनलं.'

सोमवारी सकाळी नऊ वाजताच कागद बस स्टँडवर! तीन गावं फवारा, आठ गावं गप बसा. आमी गप बसलो, अन् वेचनीले कापूस निघाला पांढराफेक, जानरावचाबी! जानरावनं सराच्या फोटोले हार घातला, बानोच्या दुकानात पेढे वाटले, अन् मी, सराले 'अळीचं तेरावं घाला' म्हननाऱ्याईत मीबी होतो ना, मी बाईच्या पाया पडलो. दोन हात जोडून सांगतो, उपकार हायेत बाप्पा, फेडता नाई येत.

आता दर रविवारी पाहा, घंटाभर बाईले काईच काम नसते. जुना कॉम्प्युटर इचारते, नव्यातला मानूस सावकाश उत्तर देते, अन् बाई समोर खुर्ची टाकून पाह्यत बसतात, अन् पाच मिनिटात डोळे भरून येतातच. परवा बानो म्हने, 'काकू, रडा, मन मोकळं करा… पन थोडी खुर्ची मागं घेऊन रडा, हा तिसरा कीबोर्ड हाये.'