शेठच्या दुसऱ्या बिल्ल्याबाबत

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय नोकरी (पशुवैद्यक, संशोधन विभाग), राहणार संशोधन केंद्राची कर्मचारी वसाहत, वरचा मजला, आज सोमवारी दुपारी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे.

माझी मूळ तक्रार फाटकाबद्दल होती, ती आधी नोंदवावी. केंद्राचे मागचे फाटक माझ्या गाडीच्या जागेला लागून आहे. आज सकाळी तिथे दोरी बांधून दोन शिपाई उभे होते आणि मला पुढच्या फाटकाने जा म्हणत होते. त्यासाठी सबंध आवाराला वळसा पडतो, वाटेत गतिरोधक आहेत, आणि पुढचा पहारेकरी माझी हयात तिथे गेलेली असूनही दर वेळी ओळखपत्र मागतो. मी गाडी जागीच बंद केली आणि खाली उतरून, सरकारी दोरी दिसेल त्या वाटेला बांधायची असते का, नोकरदार माणसाची सकाळ रस्त्यावर पडलेली असते का, असे बरेच सुनावले. नेमके शब्द सांगायला मी तयार होते, पण लिहून घेणारे हवालदार म्हणाले, राहू द्या, भाव पोचला.

शिपायाने माझे सगळे ऐकून घेतले. मग त्याने एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे धरली. "मॅडम, हा तुमच्याच केंद्राचा ना?"

पिशवीत आमचा पितळी बिल्ला होता. त्यावर केंद्राचा फोन नंबर आणि खाली "शेठ" हे नाव. आमच्या अभ्यासातल्या प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्याला असा बिल्ला असतो. मी म्हणाले, कुत्रा आमचाच, पण तो शनिवारपासून आत केनेलमध्ये आहे, बाहेर कसा सापडेल.

शिपाई म्हणाला, "कुत्रा नाही. माणूस आहे. बनियनला आतून शिवलेला होता."

दोरीपलीकडे जाऊन मी पाहिले. त्या गृहस्थांना मी ओळखते. संध्याकाळपर्यंत कोणी ओळख पटवली नाही तर त्यांची नोंद बेवारस म्हणून होईल आणि पुढचे सगळे त्याच रीतीने उरकले जाईल, असे मला सांगण्यात आले. हा जबाब मी त्यासाठी देत आहे. ते बेवारस नाहीत. त्यांची पत्नी इस्पितळात हाडांच्या वॉर्डात आहे, पायाला वजन लावून झोपवलेली आहे. तिला अजून कोणी कळवलेले नाही.

मयताचे नाव विचारले. मला माहीत नाही. आमच्याकडे माणसे कुत्र्यांच्या नावाने ओळखली जातात. ते शेठचे बाबा, आणि त्यांच्या पत्नी शेठची आई. मी त्यांना काका, काकू म्हणते. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी ठरवण्यात त्यांचा जन्म गेला, असे काकू सांगत.

आमचा अभ्यास म्हाताऱ्या कुत्र्यांच्या विसरभोळेपणाचा आहे. म्हातारा कुत्रा आणि म्हातारा माणूस पुष्कळसे सारख्याच रीतीने विसरतात, त्यामुळे कुत्र्यात जे कळेल ते पुढे माणसाच्या उपयोगी पडावे, हा उद्देश. हे वाक्य आमच्या दारावरच्या पाटीवरही आहे. कुत्री मालकांच्या घरीच राहतात. महिन्यातून एकदा केंद्रात आणून परीक्षा होते, आणि घरी कसे वागतात ते मी दर सोमवारी फोनवरून विचारते.

परीक्षा सोपी असते. दोन खोकी, एकात खाऊ. कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, थोडा वेळ पडदा ओढायचा, मग सोडायचे. शेठ हा तपकिरी, आखूड पायांचा, पोट सुटलेला कुत्रा आहे. तो पेढीवर बसल्यासारखा बसतो आणि कधी चुकत नाही. काका बाकावर बसून पैज लावत आणि दर वेळी रिकामे खोके दाखवत. आम्ही हसायचो, तेही हसायचे. एकदा काकू म्हणाल्या, "डॉक्टरबाई, दोघांत हुशार कोण ते लिहून ठेवा." त्यावरही आम्ही हसलो.

परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या या कुत्र्याबद्दल काकूंची फोनवरची उत्तरे मात्र वाईट होती. शेठ रात्रीचा उठतो, घरभर फिरतो. शेठ दाराच्या बिजागरीकडच्या अंगाला उभा राहतो आणि दार का उघडत नाही म्हणून वाट पाहतो. शेठने चपला पिठाच्या डब्यात ठेवल्या. झाकण कसे उघडले, हे मी विचारले नाही. "वस्तू लपवणे" अशी नोंद केली. घरच्यांना ओळखतो का, या प्रश्नाला काकू म्हणाल्या, "मला ओळखतो. कधी कधी पाहुणी समजतो, पण वागतो सभ्यपणे."

अशा वेळी शहाणे माणूस मालकिणीच्या घरी जाऊन बघते. आम्ही सिद्धान्त मांडला. मेंदू झिजूनही परीक्षेपुरती बुद्धी राखून ठेवणारा विलक्षण कुत्रा म्हणून मी शेठवर परिषदेत भाषण केले. टाळ्या झाल्या. जेवणाच्या सुटीत एका वयस्कर प्राध्यापकांनी, अशी केस नशिबाने मिळते, असे सांगून माझा हात हातात घेतला.

इथल्या साहेबांनी विचारले, बाई नवऱ्याचे कुत्र्याच्या नावावर का सांगत होत्या? माझा अंदाज सांगू लागले तर साहेब म्हणाले, अंदाज नको, ऐकलेले सांगा. ऐकलेले असे. काका डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. आमच्या घराण्यात कोणाला वेड लागत नाही, असे म्हणून दोनदा रिक्षातून उतरून गेले. मुलगा परगावी असतो. त्याच्या कानावर गेले तर तो काकांना कुठेतरी ठेवून देईल, अशी काकूंना भीती होती. हेही त्या बोलता बोलताच सांगत, मधेच शेठचे, मधेच काकांचे. मी सल्ला देत असे. रात्री दिवा जळता ठेवा. वस्तूंच्या जागा बदलू नका. चुकला तर रागावू नका, त्याला राग कळतो, कारण कळत नाही. काकू एकदा म्हणाल्या, "तुम्ही न विचारता समजून घेता, म्हणून तुमच्यापाशी बोलते." त्यांना वाटत होते की मला सगळे कळले आहे. मला वाटले, माझे कौतुक चालले आहे.

चैत्रपालवी फुटावी तसा मला तेव्हा हुरूप होता, हे वाक्य गाळावे. हवालदार म्हणतात, बोललेले गाळता येत नाही.

बाहेर पडून हरवला तर काय करू, असे काकूंनी विचारले तेव्हा मी बिल्ला नीट बांधा म्हटले. त्या म्हणाल्या, अजून एक मिळेल का? मी दुसरा पाठवून दिला.

शनिवारी काकू बाजारात पाय घसरून पडल्या. लोकांनी तिथूनच इस्पितळात नेले. तिथून त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "कोणीतरी घरी जाऊन राहा हो. शेठला एकटं ठेवू नका, आणि घराबाहेर काढू नका. बाहेर त्याला काही समजत नाही."

मी म्हणाले, काकू, निर्धास्त राहा, मी बघते.

घरी माणूस ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. जनावर केंद्रात आणण्याची आहे. केनेल स्वच्छ आहे, हीटर आहे. मालकांना सांगितले की ते घोळ घालतात, म्हणून न सांगता मी गाडी पाठवली. गाडीबरोबर गेलेला अटेंडंट सांगतो की दार काकांनीच उघडले. त्यांनी पट्टा त्याच्या हातात दिला आणि, "अंधार पडायच्या आत आणा, हा घाबरतो," असे म्हणाले. अटेंडंटने बरे म्हटले. घरात दुसरे कोण आहे ते त्याने पाहिले नाही, कारण मी सांगितले नव्हते.

रविवारी काकूंचा फोन आला. शेठ जेवला का? मी म्हटले, ताट चाटून पुसून. अंगावर पांघरूण घेतो का? घेतो. एकटा नाही ना? मी म्हटले, छे, सोबतीला चौघे आहेत, मजेत आहे. काकू रडू लागल्या. म्हणाल्या, "तुमचे उपकार मी फेडू शकत नाही." एका कुत्र्यासाठी हे जरा जास्तच, असे मला वाटले.

काका रविवारी कधी बाहेर पडले ते मला माहीत नाही. घरापासून केंद्र लांब आहे, वाटेत तीन मोठे चौक लागतात. ते न चुकता आले. मागच्या फाटकाशी केनेलचा आवाज येतो. त्या रात्री शेठ भुंकत होता. अटेंडंटने कळवले तेव्हा, नवी जागा आहे, रुळेल, असे मी सांगितले. फाटकाला कुलूप नसते, नुसती कडी असते. काका बिजागरीच्या अंगाला सापडले. पोलिसांच्या डॉक्टरांच्या मते थंडी आणि हृदय. अंगावर एकही खूण नाही, असे पंचनाम्यात आहे. मी पाहिले तेव्हा त्यांनी शर्टाची सगळी बटणे नीट लावलेली होती.

काकूंचा फोन आज सकाळीही येऊन गेला. त्या वेळी मी दोरीवरून भांडत होते.

ओळख पटवणाऱ्याचे नाते काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. त्यांच्या कुत्र्याची डॉक्टर, असे लिहा म्हटले. त्यांनी तसे लिहिले. मयताचे नाव काकू सांगतील. त्यांना मीच सांगणार आहे. सोबत महिला शिपाई द्यावी, आणि काकूंना एकदा बघता येईल तोपर्यंत काकांचे पुढचे काही उरकू नये, अशी विनंती करते. साहेबांनी मान डोलावली, तेही लिहून घ्यावे.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरच्या मावशी आपला जबाब द्यायला इथेच बसल्या आहेत. त्या म्हणतात, काल संध्याकाळी एका म्हाताऱ्याने चहा घेतला आणि, "पैसे आणले नाहीत. माझा शेठ आत आहे, तो आला की देतो," असे म्हणून फाटकाकडे गेला. त्यांना वाटले, शेठ म्हणजे कोणी आतला साहेब असेल.

वर लिहिलेले मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, कमी-जास्त काही नाही. सही करण्याआधी मावशींना त्या एका चहाचे पैसे दिले. त्या नको म्हणत होत्या. मी त्यांच्या हातात ठेवले आणि मग सही केली.