भुवईबाईचा कोट

— फॅन? मी? हिची? शी! — हात वर करा जरा, मुंढ्यात आखडतंय का बघू — हां, घ्या खाली. फॅन म्हणे! अहो, डोक्यात जाते ही बाई माझ्या. त्या दिवशी तुम्ही मोबाइलवर हिचा फोटो दाखवलात ना, तेव्हाच मनात म्हटलं, झालं, आली ही पुन्हा माझ्या दुकानात. पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? तुम्ही फोटो आणायचा, आम्ही शिवायचं. — काय? पाठीचा पट्टा? फोटोत पाठ दिसत नाही, मग पट्टा कसा कळला? अंदाजाने. कोट म्हटला की पाठीला काहीतरी असतंच. — तीन बटणांचा, मधलं जरा खाली? — बरं बाई, पाहिलाय मी तो सिनेमा. सगळ्यांनीच पाहिलाय. एकदा पाहिलाय. दोनदा म्हणा. हलू नका, टाचणी टोचेल.

आमच्या घरात हिला भुवई म्हणतात. आईने ठेवलेलं नाव. दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे लागायचे तेव्हा आई स्वयंपाकघरातून विचारायची, भुवई आहे का गं आज? कारण बाईकडे दुसरं होतंच काय? प्रेमात पडली — डावी भुवई वर. फसवली गेली — डावी भुवई वर. नवरा वारला — भुवई वर, आणि तिच्यावर जाळीची टोपी. एवढ्या भांडवलावर जन्म काढला तिने, आणि तुम्ही शिकलेसवरलेले लोक तिचे महोत्सव भरवता, आणि वर तिच्यासारखे कोट घालून मिरवायला जाता! — रागावू नका. बोलण्याची पद्धत आहे माझी. — तो दीपगृहाचा सिनेमा पाहिलात? नवरा समुद्रात अडकलाय, वादळ सुटलंय, हिने वर जाऊन दिवा लावायचाय. जिने चढते, चढते — आणि केस? एक केस हलत नाही! सगळा वारा बाकीच्यांना. आणि रॉकेलचा डबा असा धरते, जशी काही अत्तराची कुपी. रिकामा डबा आहे तो, मी सांगते, हाताची शीर बघा, ताण नाही शिरेवर. आणि तो परिचारिकेचा? लढाईत माणसं कापली जातायत, ही त्यांना उचलतेय, कवटाळतेय, आणि एप्रन? कोरा करकरीत! मी तर दरवेळी डागच शोधत बसते. शेवटी बागेत एकदा बाहीवर ठिपका दिसतो, वाटतं आला, आला — तर ती पानाची सावली.

— हो, दरवेळी म्हणाले. लागतो टीव्हीवर, बघितला जातो. चुका काढायला बघते मी. त्याला फॅन म्हणत नाहीत.

आणि हा तुमच्या कोटाचा सिनेमा म्हणजे तर कळस. न्यायाधीशाची बायको. घरात पाहुणे जेवायला बसलेत, सूप वाढून झालंय, नवरा काहीतरी कायद्याचं बोलतोय — चांगला माणूस हो, मला तर तोच आवडतो त्या सिनेमात — आणि ही उठते. कोट चढवते. जाते. संपलं! दिवे लागले, लोक टाळ्या वाजवतायत. कशाबद्दल? कुठे गेली ती? तिकिटाला पैसे होते? रात्री झोपली कुठे? दुसऱ्या दिवशी अंगावर काय घातलं, तोच कोट? ते नाही दाखवत. ते दाखवायला अभिनय यावा लागतो. आणि त्या कोटाला खिसेच नाहीत, माहितीये? नुसती झाकणं शिवलीयत वरून. जिना उतरताना हात घालायला जाते, आणि हात असा घसरतो — नीट बघा तुमच्या महोत्सवात. घर सोडून निघालेल्या बाईच्या कोटाला खिसा नाही! किल्ली कुठे ठेवणार, रुमाल कुठे ठेवणार? ही बाई कुठेही जाणार नव्हती हो, नुसती फोटोला उभी होती. — तुमच्याला लावलेत मी. आतून. चांगले खोल. धाकटीच्या कोटालाही लावले होते.

धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला हाच कोट शिवला मी, इथेच, तुम्ही उभ्या आहात त्याच स्टुलावर उभी करून. वेडी होती त्या सिनेमाच्या मागे. आम्ही दोघी पलीकडच्या थिएटरात रविवारी सकाळी जायचो, जुने सिनेमे स्वस्तात दाखवायचे तेव्हा. तिचा नवरा हेडमास्तर. तिच्याहून बराच मोठा, पण देव माणूस. तुम्हाला वाटेल मारत असेल, पीत असेल — छे! आवाज चढवला नाही कधी. फक्त सगळं दोनदा सांगायचा. छत्री घेतलीस का? छत्री घे. दार लावलंस का? दार लाव. एवढाच काय तो दोष. एवढ्यासाठी कुणी संसार मोडतं? ही मोडून गेली. त्यांच्याकडे शाळेच्या संस्थेचे मोठे लोक जेवायला आले होते. हिने वाढलं, हात पुसले, आत गेली, मी शिवलेला कोट घालून बाहेर आली आणि म्हणाली, मी निघते. हेडमास्तर म्हणाले, अगं, छत्री घेतलीस का? — हसताय काय! त्याला वाटलं काही आणायला चाललीय. तासभर वाट बघितली बिचाऱ्याने, पाहुण्यांना दोनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी इथे आला तो. दाढी केलेली, टाय लावलेला, शाळेला जाताजाता आल्यासारखा. म्हणाला, ताई, माझं काय चुकलं? तेवढं सांगा, मी दुरुस्त करतो. आता काय सांगू मी? माझ्या हातात कात्री, समोर कापड. म्हटलं, भावजी, तुमचं काही चुकलं नाही. त्या बाईचं चुकलं. कुठली बाई? म्हटलं, ती सिनेमातली. आणि त्याला ते पटलं हो! सगळ्यांनाच पटलं. आईने टीव्हीला चादर घातली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, मेली मेल्यावरही लोकांची घरं फोडतेय. बरं झालं तसं. कुणावर तरी ढकलायला हवं होतं, आणि ती काही भांडायला येणार नव्हती.

मला वाटलं, येईल परत. आठवड्याने येईल, महिन्याने येईल. सिनेमात नसतं दाखवलेलं ते सगळं भोगेल आणि रडत येईल. मी तिची खोलीसुद्धा — जाऊ दे. आली नाही. कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन गाडी चालवायला शिकली, आणि मग काय, लोकांनाच शिकवायला लागली. आता स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे. बायकांना शिकवते. म्हणे तिच्याकडच्या बायका पहिल्या दिवशी स्टिअरिंग धरून रडतात. अभिमानाने सांगते हे! — मागे वळा. पाठ बघू. पोक काढू नका, एवढीशी तर आहात. — हेडमास्तरांनी पुढे दुसरं लग्न केलं. सुखात आहेत. ती दुसरी बायको छत्री घेते.

— कापड? तुम्हाला कसं वाटलं तेच कापड आहे? नाही नाही, तुमचं नवीन आहे. धाकटीच्या वेळचं उरलं होतं खरं, पण तुमच्यात नाही वापरलेलं ते. त्याचा दुसरा कोट झाला. आता उरलेलं कापड काय फेकून देणार? बेतला. माझ्याच मापाचा, कारण दुसरं कुणाचं माप त्यात बसत नव्हतं. रंगही मला बरा दिसतो असं — कुणी म्हटलं नाही, मीच आपली. घालणार कुठे? दुकानातून वर घरात, घरातून खाली दुकानात, त्याला कोट कशाला लागतो? एकदा घातला. धाकटी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. स्टेशनपर्यंत गेले होते. बटणं आणायला. तिकडे बटणांचं दुकान होतं — म्हणजे स्टेशनच्या आत नव्हतं, पण त्याच बाजूला. बूट चावत होता म्हणून फलाटावर बाकावर बसले जरा. गाड्या येतात, जातात, बघत बसतो माणूस. खिशात हात घालून बसले होते. खिसे चांगले उबदार झाले होते. मग यांच्या चहाची वेळ झाली, आले घरी. — बटणं? नाही मिळाली हवी तशी.

तर मी काय सांगत होते — हां, गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. शिलाईचं काम, डोळ्याशिवाय कसं चालणार? हे म्हणाले, मला काही ते थेंब घालणं जमायचं नाही. मग धाकटी आली. स्वतः गाडी चालवत आली, एवढ्या लांबून. केस पांढरे, रंगवतही नाही. थेंब मात्र नेमाने घातले हो तिने. आणि डोळा बरा झाला तसं पाहते तर पलीकडच्या थिएटरात भुवई! नवी प्रत काढलीय म्हणे, धुऊनपुसून. म्हटलं, चल. डोळ्याची परीक्षाही होईल. मनात म्हटलं, बघू तरी आता हिचं तोंड कसं होतं ते. जिच्या नादाने सगळं सोडलंस तिच्यासमोर बसवते तुला, अंधारात, आणि बघते.

झोपली. अहो, झोपली! न्यायाधीश यायच्या आधीच. तोंड उघडं टाकून. मी एकटीने पाहिला सगळा. आणि एक सांगते, नव्या डोळ्याने खिसे आणखीच खोटे दिसतात. बाहेर आल्यावर कॉफी प्यायला बसलो तर म्हणते, ताई, छान होता गं, मी हा आधी पाहिलाय का? मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, अगं, हाच तो! ज्याच्यापायी तू गेलीस! ती बघत राहिली माझ्याकडे. मग जी हसायला लागली — कॉफी नाकात गेली, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. म्हणे, सिनेमापायी? मी? एवढी वर्षं तुम्ही सगळे असं समजत होतात? म्हटलं, मग कोट कशाला शिवून घेतलास तसा? तर म्हणते, तूच म्हणालीस ना, त्या सिनेमातल्यासारखा शिवते म्हणून. मला नुसता गरम कोट हवा होता.

— मी म्हणाले असेन. आठवत नाही. फॅशन होती तेव्हा.

मग तिचं हसणं थांबलं. म्हणाली, सांगू? तू मनाला लावून घेशील. म्हटलं, मी कशाला लावून घेतेय. म्हणाली, त्या कोटाच्या ट्रायलला मी स्टुलावर उभी होते, तू खाली माझ्या पायाशी, घेर दुमडत होतीस. तोंडात टाचण्या होत्या तुझ्या. आणि वरून तुझ्या सासूबाईंनी हाक मारली. तर तू म्हणालीस, आले. टाचण्या तोंडातच. काढल्यासुद्धा नाहीस, ताई. ओठ न हलवता 'आले' म्हणायची सवय झाली होती तुला. आणि गेलीस की जिन्याने वर. मी स्टुलावर तशीच. समोर आरसा. म्हणाली, मला कळलं, आणखी थोडी वर्षं राहिले तर मलाही येईल तसं म्हणता.

आता मला सांगा, हे काय बोलणं झालं? म्हातारं माणूस हाक मारतंय, माणूस ओ देणारच. टाचण्या काय दरवेळी थुंकायच्या आणि पुन्हा वेचायच्या? सगळे शिंपी धरतात तोंडात! उद्धट आहे ती, पहिल्यापासून. दोन अक्षरं शिकली आणि — नाही, शिकलीही नाही, गाडी शिकली नुसती. मी रात्रंदिवस खपून तिला कोट शिवून द्यायचा, आतून अस्तर, खोल खिसे, सगळं, आणि हिने वरून माझ्या तोंडाकडे बघत — माझ्या तोंडाकडे बघून गेलेली ही, आणि मी आपली इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून त्या भुवईच्या तोंडात शोधतेय, हिला नक्की काय दिसलं होतं म्हणून. शंभर वेळा पाहिले असतील मी त्या बाईचे सिनेमे. रुमाल घेऊन बसायचे मी. मला काय माहीत!

— नाही, ठीक आहे. धूळ आहे कापडाची. नवा डोळा नाजूक असतो.

जाताना दारातून परत आली ती. म्हणे, चल माझ्याकडे. तुझ्या सासूबाई गेल्या, भावजींना चहा करता येतो, मी पाहिलाय त्यांना करताना. म्हटलं, वेडी आहेस का, या वयात? काय करू तिथे, मला शिलाईशिवाय काही येत नाही. तर म्हणते, आमच्याकडेही लोक कपडे घालूनच हिंडतात, ताई. गाडी सुरूच ठेवली होती. काच खाली, पलीकडचं दार आतून उघडलेलं, आणि बघतेय माझ्याकडे. मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.

— मी काय म्हणाले? काय म्हणायचं असतं? दार लावलं तिचं. नीट लागलं नव्हतं, म्हणून पुन्हा उघडून लावलं.

बाही बघा. लांब होतेय? नाही, बरोबर आहे. मनगटाच्या हाडापर्यंत हवी, ती बाई उगीच बोटांपर्यंत घालते. सावकाश काढा, कच्चे टाके आहेत. — तो दुसरा? बघायचाय? नाही. नाही म्हणजे नाही, दाखवायला ठेवलेला नाही तो. आणि मला 'तुम्ही अजूनही' वगैरे काही सांगू नका, तुमचं वय काय, माझं काय. कोट शिवायला आलात ना? शुक्रवारी या, तयार असेल. उतरा खाली. मला दुकान बंद करायचंय.