दांडा आतल्या बाजूला

"हॅलो?… हो, मीच. आणखी कोण उचलणार, लिन? घरात आम्ही दोघीच. मी आणि होडी."

आर्डिसबाईंनी रिसीव्हर मानेत धरला, तेलकट फडकं एप्रनच्या खिशात कोंबलं आणि फोनची लांब वायर ओढत स्वयंपाकघरातून गॅरेजच्या पायरीवर येऊन बसल्या. नोव्हेंबर लागला होता. तळ्याच्या काठाकाठाने बर्फाची पापडी धरली होती, आणि उत्तर मिनेसोटात पापडी धरली की ज्याची त्याची होडी आत जाते. यांचीही कालच गेली होती. लेक लिनेट मिनिआपोलिसला, चार तासांवर. पण बातमीला कुठे चार तास लागतात?

"कोणी सांगितलं?… शेजारच्या ऑर्विलने. वाटलंच. काय म्हणाला?… 'वेगळंच काहीतरी केलंय' असं म्हणाला? अगं, मग त्याला मुळीच पसंत नाही. आपल्याकडे 'वेगळं' म्हणजे काय, ते तुला का सांगायला हवं? माझ्या बिटाच्या केकलाही तो 'वेगळा आहे' म्हणाला होता. तीन वर्षं झाली, पुन्हा शिवला नाही."

तिकडून प्रश्नांची सरबत्ती चालू होती. आर्डिसबाई एकेकाला उत्तर देत गेल्या. होडी आत आहे, म्हणून गाडी बाहेर आहे. हो, थंडीभर बाहेरच राहणार. काचेवरचा बर्फ खरवडायला घरात दोन खरवडण्या आहेत, आणि इंजिन गरम ठेवायची वायर लिनच्या बाबांनीच खांबापर्यंत आणून ठेवलेली आहे. पाय घसरेल म्हणशील, तर तो न्हाणीघरातही घसरतो.

"हो, हो… अगं ऐक ना. गाडी माझी, गॅरेज माझं, काचेवरचा बर्फही माझाच. तू कशाला शहरात बसून गारठतेस?"

एवढं बोलून त्या हसल्या. मग हसू थांबलं.

"शनिवारी कोण येणार?… ड्वेन. कुठला ड्वेन?… सेंट क्लाउडचा. आणि तू त्याला हो म्हणालीस… नाही, किती देतोय ते सांगू नकोस. मला ऐकायचंच नाही. कधी म्हणालीस हो?… दोन आठवडे झाले. बरं."

आर्डिसबाईंचा आवाज खाली गेला. त्यांना राग आला की आवाज खाली जातो, हे चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. त्या वेळी सगळ्याजणी सुया थांबवून ऐकत.

होडीच्या या विक्रीचं मूळ ऑगस्टात होतं. एका दुपारी तळ्याच्या मधोमध होडीचं इंजिन बंद पडलं, वारा उलटा सुटला, आणि आर्डिसबाई एकाच वल्ह्याने कशाबशा भलत्याच काठाला लागल्या. तिथून चालत घरी यायला संध्याकाळ झाली. तोवर लिनेटने अकरा वेळा फोन केला होता आणि शेवटी शेरीफलाही उठवलं होतं.

"बुडाले नव्हते गं, मला उशीर झाला होता. दोन्हींत फरक आहे… चौऱ्याहत्तर. माहीत आहे मला माझं वय, तू नको मोजूस… आता दोन वल्ही ठेवते, शिट्टी ठेवते, ते केशरी जाकीट घालूनच पायरी उतरते. भोपळ्यासारखी दिसते, पण घालते."

मग पलीकडून बाबांचं नाव निघालं असावं. आर्डिसबाईंची नजर गॅरेजमध्ये वळली. समोर त्यांच्या नवऱ्याने, रोलंडने, रंगवलेली हिरवी होडी ताडपत्रीखाली निवांत बसली होती. दिवसातून दोनदा त्या प्रार्थनेला बसत. तिसऱ्यांदा त्या होडीत बसत, सकाळच्या पहिल्या उजेडात, गळ टाकून. मासा लागो न लागो. रोलंड गेल्यापासून चार उन्हाळे हा नेम चुकला नव्हता.

"लिन, तुझे बाबा पलंगावर गेले. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर, नाकात नळी घालून. तळ्यात नाही गेले. मग मी काय पलंगाला भ्यायचं?… नाही, रडू नकोस. मी रडवायला नाही म्हणाले. खरं ते म्हणाले."

लिनेटने नाक पुसून पुन्हा मुद्दा धरला असावा, कारण आर्डिसबाईंनीही मान ताठ केली.

"येऊ दे ना त्याला. कॉफी देईन, लिंबाच्या वड्या केल्यात त्या देईन. पण होडी कशी नेणार?… होडीखालच्या ट्रेलरचा दांडा गाडीला जोडून. बरोबर. पण दांडा आत आहे… आत म्हणजे मागच्या भिंतीला टेकलेला. दाराकडे इंजिन आहे… हो, उलटी घातली… माहीत आहे गं, सगळं गाव दांडा दाराकडे ठेवतं, म्हणजे वसंतात गाडी लावली की निघालं. तोच तर ऑर्विलला धक्का बसला… नाही, चुकून नाही. ऑगस्टातलं तुझं बोलणं लक्षात होतं."

कशी घातली ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. गोधडीवाल्या सहाजणी काल सकाळीच आल्या होत्या. घर रस्त्याच्या खाली, वाट गॅरेजकडे उतरत येणारी. वरच ट्रेलर सोडवला, तोंड फिरवलं, आणि मागे दोर बांधून पाचजणींनी तो हळूहळू खाली सोडला. सहावी, मार्लिस, पुढे उभी राहून हातवारे करत होती, जणू विमानच उतरवतेय. एकदा दोर सुटता सुटता राहिला तेव्हा पाद्रीबाईंच्या तोंडून असा शब्द निघाला की पुढे कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

"काय?… मागून दोर लावून वर ओढेल म्हणतेस? त्याच्या मोठ्या गाडीने? ओढेलही. पण चाकांशिवाय कसा ओढणार?… काढली. दोन्ही. ट्रेलर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलाय. टायर खराब होत नाहीत, बाबाही तसंच करायचे, विसरलीस?… चाकं ना? एक आहे इथेच, माळ्यावर. दुसरं मार्लिसकडे… अगं विचार ना तिला, पण ती काल दुपारीच अ‍ॅरिझोनाला गेली. थंडी सरली की येईल, एप्रिलात… घराला कुलूप आहे… नाही, किल्ली माझ्याकडे नाही. मी मागितलीच नाही."

मग लिनेटने जे विचारलं त्याचं उत्तर देणं त्यांना जरा जड गेलं.

"हो. ते खरं आहे. ऑगस्टात तू विचारलंस, आई, विकून टाकूया का, तर मी 'बघू' म्हणाले… हो, तेच शब्द. पण लिन, तू इथलीच ना गं? आपल्या लोकांत कोणी तोंडावर नाही म्हणतं का? 'बघू' म्हणजेच नाही. माझी आई 'बघू' म्हणाली की आम्ही पुन्हा विचारायचं धाडस करत नव्हतो… शहरात 'बघू' म्हणजे हो असतं?… बरं. मग चूक माझीही आहे. सगळीच तुझी नाही."

त्या उठल्या. वायर ताणली गेली. एक हात होडीच्या कडेवर ठेवून, प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा, त्या दोन क्षण उभ्या राहिल्या.

"ड्वेनला आजच फोन कर. त्या बिचाऱ्याला शनिवारपर्यंत लटकत ठेवू नकोस… काय सांगायचं? चाकाचं सांगू नकोस, भिंतीचं सांगू नकोस, मार्लिसचंही नाही. कारणं दिली की माणूस त्यातून वाट काढत बसतो. सांग, आई नाही म्हणाली… हो, असंच… नाही लिन, 'सध्या नको म्हणतेय' नाही. 'विचार करतेय' नाही. मी आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणाले नाही, तुला म्हणतेय. होडी विकायची नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि मी आत बसू शकते तोवर नाही."

त्या भागात फोनवर निरोपाला अर्धा तास लागतो. आधी 'बरं तर', मग हवापाणी, मग पुन्हा 'बरं तर', मग कोणाच्या गुडघ्याची चौकशी. लिनेट पहिल्या 'बरं तर'ला पोचली होती.

"नाही गं, आज नाही. होडीची बॅटरी तळघरात न्यायचीय, आणि उजेड चाललाय. मेमध्ये ये, होडी पाण्यात सोडायला. बूट आण… ठेवते."

आणि त्यांनी ठेवला.