चालू म्हनलं, म्हनून चाललो

…नाही नाही, गादीले हात नका लावू जी, अजून पानी टपकून राह्यलं! टिनावर टाकली हाय, वाळन रस्त्यानं. अन् हसू नका. इंजिन गरम होऊन राह्यलं तवर आयका. ट्रॉली तळ्यात गेली, त्याचं मले काहीच नाही, लोखंड हाय, निंगते बाहेर. पन बायको! सोताची बायको! ऐन टायमाले तेलुगू बोलली! तुमीच सांगा, ह्याले दगा नाही म्हनाव तं काय म्हनाव?

आता तुमी वांकिडीवाले मथुराबाईचीच बाजू घेसान, तुमच्या गावची लेक ते. पन मी चंपतराव, तलमडुगुचा, कापूस-जवारीवाला मानूस, कोनाच्या अध्यात ना मध्यात. झालं काय, पेपरात आलं का ह्या दसऱ्याले आदिलाबाद जिल्हा फोडून चार करनार. मी आपला मोठ्यानं वाचून राह्यलो, निर्मल वेगळा, मंचेरियाल वेगळा, आसिफाबाद वेगळा, तलमडुगु आदिलाबादेतच अन् वांकिडी आसिफाबादेत… तं हिच्या हातची भाकर तव्यावरच राह्यली. "म्हंजे? माहं माहेर परजिल्ह्यात?" अन् डोळ्याले पदर! तिकडं भाकर जळून राह्यली, इकडं बाई रडून राह्यली, मी का दगडाचा हाय जी? म्हनलं, रडू नको, फुटायच्या आधी तुले अख्खा जिल्हा दाखवतो, अन् तुहं-माहं गाव एका जिल्ह्यात हाय तवरच तुले माहेरी पोचवतो. शब्द दिला!

आता पोराच्या मोबाइलमधी मी पाह्यलं होतं, गोरे लोक नवरा-बायको गाडीमागं घरच बांधून फिरतेत, वाटंल तिथं मुक्काम! म्हनलं, आपल्यापाशी काय कमी हाय? ट्रॅक्टर हाय, कापसाची ट्रॉली हाय! टाकले वर टिनं, आत खाट, खाटंखाली शेगडी, तिच्याच जुन्या लुगड्याचा पडदा, अन् खिडकी… खिडकी तं मी सोता पाडली, तिले वारं लागावं म्हनून! शेजारचे भगवानराव कुंपनावरून म्हनते, "काऊन चंपतराव, जिल्ह्याची वाटनी होऊन राह्यली तं तुमी घर घेऊनच पळून राह्यले का?" म्हनू द्या! जळतेत लोक!

निंगालो. कुंटाल्याचा धबधबा पाह्यला, निर्मल पाह्यलं, कडेमचं धरन पाह्यलं. मुक्काम कधी देवळाच्या आवारात, कधी जिनिंगच्या मैदानात. अन् जिथं थांबा तिथं बाया गोळा! एक विचारते स्टीलची भांडी हायेत का, दुसरी विचारते डॉक्टर कवा बसते! अन् आमची मथुराबाई खिडकीतून घंटा-घंटा त्यायच्यासंग बोलून राह्यली. मी खाली चाकाचे नट आवळून राह्यलो, मले काय मालूम वर तेलुगूची शाळा भरली हाय? मीच पाडलेल्या खिडकीत! ह्याले दगा नाही म्हनाव तं काय म्हनाव?

आता नुसता ट्रॅक्टर मागं घेनं काहीच नाही. पन ट्रॉली लागली का बाप्पा… स्टेअरिंग इकडं फिरवा तं ते तिकडं जाते, निरी आमच्या घरच्यावानी! म्हनून आमचं ठरलं होतं. ती मागं उभी राहीन, "चालू… चालू…" म्हनन तवर मी घेत राहीन, "ठैर!" म्हनली का ब्रेक. साऱ्या रस्त्यानं ट्रॉलीले एक दगड नाही लागला! इतका इस्वास का मी मान वळवूनसुदिक पाहत नव्हतो. मान वळतच नाही म्हना, पन इस्वास होता!

अन् मंग ते तळं. आसिफाबादच्या अलीकडं, तळ्याच्या पाळीवर मुक्काम करायचा होता. सांज झालेली, अन् तिथं बतुकम्मा, तेलुगू बायाइचा फुलाइचा सन! फुलाइचे हे मोठमोठे मनोरे मधात ठिवून बाया टाळ्या वाजवत फेर धरून राह्यल्या, गानं म्हनून राह्यल्या, अन् एकेक मनोरा तळ्यात सोडून राह्यल्या. आमची उतरली का शिरली फेरात! अन् गाऊन राह्यली! तेलुगूत! पुरं गानं! घरी आरतीचं दुसरं कडवं येत नाही हिले! मी वरडलो, "अवं, ट्रॉली मागं घ्याची हाय!" तं आली, टाळ्या वाजवतच आली, उभी राह्यली मागं. मी रिवर्स टाकला.

"चालू… चालू…" घेतली. "चालू…" घेतली. "चालु! चालु!" म्हनलं बाईले आज हुरूप आला, घ्या जराशी जोरात! "चालु! चालु! चालु!" त्या साऱ्या बायाही वरडाले लागल्या, "चालु! चालु!" मले तं भरूनच आलं जी! म्हनलं, पाहा, एका सांजंत हिनं साऱ्या गावाले मराठी शिकवलं…

धबाक!

खाट तरंगून राह्यली. शेगडी गेली तळाले. माहेरसाठी केलेल्या करंज्यायचा डबा त्या फुलाइच्या मनोऱ्यायमागं मागं चालला. एक म्हातारी हात जोडून म्हनते, यंदाची सर्वात मोठी बतुकम्मा हेच!

मी कमरंइतक्या पान्यातून वरडलो, "चालू काऊन म्हनली वं?"

"मी चालु म्हनलं! पुरे! पुरे! तेलुगूत पुरे होते ते!"

मले मालूम हाय जी! आदिलाबादच्या बाजारात कापूस इकता इकता केस पिकले माहे, चालु म्हंजे पुरे हे मले मालूम नसन? दुसऱ्या कोन्या बाईनं म्हनलं असतं तं तिथंच ब्रेक मारला असता! पन घरच्या मानसाच्या तोंडून मराठीच येईन ना? तेवढ्या भरोशावरच तं मानूस मागं न पाहता गाडी घेते! अन् हे मधातूनच भाषा बदलते! ह्याले दगा नाही म्हनाव तं काय म्हनाव?

ट्रॉली काढता काढता दसरा उजाडला. इथं पोचलो तं जिल्हा फुटलेला. हा केशवराव, माहा साळा, दारातच हातावर सोनं ठिवून म्हनते, "या दाजी, या! परजिल्ह्याचे पाव्हने!" लागलं जी मले. शब्द गेला ना माहा. तिच्या तोंडाकडं पाहवलं नाही. आंगनात गाठून म्हनलं, मथुरे, माफ कर, फुटायच्या आधी नाही पोचवता आलं.

तं काय म्हनते? "मले कोठं जिल्हा पाहाचा होता? मले तं निरं वांकिडीले याचं होतं. सकाळची बस धरली असती तं दुपारी वहिनीपाशी जेवाले बसली असती!"

बस! बस पाह्यजे होती बाईले! मंग आधी काऊन नाही सांगतलं?

"तुमी येवढ्या हौसेनं खिडकी पाडत होते… माह्यानं नाही म्हनवलंच नाही."

आता ह्याच्यावर मानसानं… रागवाव का रडाव? सांगा ना!

थांबा, थांबा… आली पाहा. गाठोडं घेऊन आली. केशवराव म्हनून राह्यला, बाई, बसवर सोडून देतो… नाही म्हनली! चढली मडगार्डवर, बसली माह्या बाजूले. पदर खोचला. अन् काय म्हनली, आयकलं का? "चालू!"

पन कोनतं? चला म्हनते, का पुरे म्हनते? विचारू? तिच्या माहेरात, तिच्या भावासमोर? नाही बाप्पा. जाऊ द्या. बसतो असाच… डिझेल सरलं म्हंजे समजनच कोन्या भाषेत म्हनली ते.