काकांवर अडलेला चौकोन

नवा मिररलेस कॅमेरा घेतला तवाचं सांगतो. हात बसला नव्हता, बोटं जुन्याच बटनांच्या जागी जायची. मुखेडच्या लग्नात फॅमिली फोटोला नवरीच्या आईनं तिच्या वारलेल्या मालकांची, काकांची तसबीर छातीशी धरलेली. हा कॅमेरा डोळे स्वतःच शोधतो अन् त्यावर हिरवा चौकोन धरतो. मी नवरीवर आणायलो, चौकोन परत काकांवर. तीनदा झालं.

वैतागून म्हणलं, "काकू, तसबीर जरा खाली घ्या. कॅमेरा काकांनाच सोडंना."

काकू म्हणाल्या, "आधी घरातलं थोरलं माणूस. कॅमेऱ्याला कळतंय, तुला कळंना व्हय?"

चौकोन काकांवरच ठेवून बटन दाबलं.

सोळा माणसं उभी होती. सगळ्यांत लख्ख आले ते काका.