पाटीवरचा हार

— म्हणजे तुम्ही खोली बघायला आला न्हाईसा? मग फोनवरच सांगायचं की, पावणं. पाटीखालच्या चिठ्ठीवरला नंबर बघून फोन आला, मला वाटलं भाडेकरू. कंपन्यांच्या नोंदणी खात्यातनं म्हणता — बसा, साहेब, बसा. खुर्ची पुसतो. धूळ न्हवं ती, रस्त्याचं काम चाललंय. व्हय, कंपनीचं नोंदलेलं ऑफिस हेच. पोरगा वीरेश आन् सून पवित्रा, दोघांची कंपनी. दवाखान्यांची सॉफ्टवेअरं करत्यात. दोघं आता कॅनडात, पण कंपनी हितलीच, शिवाजी पेठेतली. तसं चालतंय न्हवं? चालतंय. मालक कुठंबी असू द्या, एक डायरेक्टर देशात ऱ्हाणारा पायजे, असं सीएनं सांगितलं. तो मी. भरमाप्पा. आधार दाखवू?

भ्यायचं काय कारण? घर माझं, कंपनीची पाटी माझ्या दारात. भाड्याची चिठ्ठी — ती वरच्या खोलीची. म्हणजे खालचीबी, पण नुसतं बघायला लावलेली, कोण येतंय का. बंद घराला वाळवी लागती — बंद न्हाई हे घर, साहेब, मी आपलं बोलायची रीत सांगतोय. बायको, शांतादेवी, ती लेकीकडं जयसिंगपूरला असती. गुडघे गेल्यात तिचे. मी हितं. एकटाच. चहा टाकतो, थांबा. दूध... दूध न्हाई वाटतं. गॅसबी संपलाय. बाहेरनं सांगू का? नको? बरं.

तसं वीरेश म्हणालता, अण्णा, हितली बंद करतो, तिकडंच नवी काढतो, तुमच्या मागं ताप नको. मीच आडवा पडलो. तुझी गिऱ्हाइकं हितली, कामाची पोरं हितली, मग कंपनी का हलवायची? मालक जाईल तिकडं कंपनी न्यायची म्हणजे काय ती म्हस हाय व्हय? असं बोललो त्याला. पटलं त्याला. आता हितं ऑफिस चालत न्हाई असं लिवून तुम्ही नोंदीतनं कंपनीचं नाव काढून टाकलंसा तर दवाखानं एकेक सोडून जातील, आन् पोरगा म्हणंल, अण्णानं बुडवलं. माझ्यावर केस हुईल का हो? न्हाई, विचारतो आपलं. ह्या वयात... गिऱ्हाइकांचं खरं हाय सगळं, पण तुम्हाला म्हणून सांगतो, कंपनी हितं हाय तवर 'अण्णा, सही पायजे' म्हणून तरी फोन येतोय. पाटी निघाली की काय विचारंल तो मला? हवा-पाणी?

हार व्हय? तो खंडेनवमीचा. लोकांच्या घरात मशीन असतंय, तराजू असतोय, ते पुजत्यात. आमच्या कंपनीचं सगळं कॉम्प्युटरात, आन् कॉम्प्युटर कॅनडात. मग पुजायचं काय? पाटी पुजली. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. वाळलाय, व्हय, पार काळा पडलाय. रोज येता-जाता दिसला असता तर काढला — म्हणजे दिसतोय की रोज, पण नजर मरती. पाटीवरला कंपनीचा नोंदणी नंबर झाकलाय म्हणता? काढतो. हे बघा, हात लावला की चुरा.

मीबी तुमच्यासारखाच हुतो, साहेब. पाण्याची मीटरं वाचत जन्म गेला, ह्याच पेठेत. दाराला कुलूप, कडीला कोळ्याचं जाळं दिसलं की लिवायचं, 'घर बंद'. माणसं मागनं भांडायला यायची, आम्ही हितंच असतो म्हणून. मी म्हणायचो, माणूस खोटं बोलंल, जाळं बोलणार न्हाई. आता तीच माणसं मला हसतील न्हाई तर काय...

साक्षीदार? शेजारचे दोघं? कशाला, साहेब? मी हाय की समोर बसलेला. ही तालमीतली माणसं, थट्टेत काहीबी बोलत्यात, त्यांचं काय लिवून घेता? फोटो काढा, पाटीपाशी उभा ऱ्हातो मी, पण ह्यांना नको — आलाच का हा. ये, ज्ञानू. हे साहेब हायत, सरकारी, जरा हळू बो... कवा आलो म्हणजे? हितंच असतोय की मी. 'दसऱ्यानंतर आजच तोंड दिसलं'? ज्ञानू, अरं... 'जयसिंगपूरचं पाणी मानवलं'?

जा, ज्ञानू. तुझं काय चुकलं न्हाई.

साहेब, माझ्याकडं नका बघू आता. जाताना त्या कडीकडं बघा, आन् मी जे लिवायचो तेच लिवा. दार ओढून घ्या. मला जरा पाटी पुसू द्या.